देवाशी अबोला

आभार मानून मानून देवाला कुणी जेरीस आणलं असेल, तर ते माझ्या चुलतसासऱ्यांनी. मागणारे लोक देवाला पुष्कळ भेटतात, त्यांची त्याला सवय असावी. पण हा माणूस काही मागायचाच नाही, नुसते आभार मानायचा, आणि तेही तपशीलवार. मी मुलगी बघायला सुरतेत पांडेसऱ्याच्या त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा पोहे समोर आले आणि त्यांनी डोळे मिटले. पोह्यांचे आभार, शेंगदाण्यांचे आभार, वेळेवर सिलिंडर आणणाऱ्या माणसाचे आणि त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांचे आभार. मग त्याच खणखणीत आवाजात, "आणि बापा, असा चांगला जावई दिलास, त्याबद्दलही तुझी उपकारस्तुती करतो." मी अजून मुलीचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. माझ्या आईने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप 'आमेन' म्हटलं. पोहे गार झाले होते, पण लग्न ठरलं होतं.

आवाज खणखणीत असायचं कारण म्हणजे त्यांना स्वतःला तो ऐकू येत नसे. मूळचे नंदुरबारकडचे, तरुणपणी सुरतेत आले आणि सारी उमेद कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात घालवली. लूमने पगार दिला आणि कान घेतले. एवढं होऊनही आमच्या ख्रिस्ती मंडळीतली पेटी वाजवायचं काम त्यांच्याकडेच होतं. साड्यांच्या गोदामावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये आमची रविवारची उपासना भरे. तिथे ते पेटीच्या लाकडावर हनुवटी टेकवून वाजवत, म्हणजे सूर हाडातून कळतो म्हणे. शेजारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बसत आणि त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका देत. ठेका बरोबर असे. सुराचं मात्र देवच जाणे. ते काळी चारमध्ये गायला लागले की सगळी मंडळी घसा ताणत त्यांच्या मागे जाई. एकदा पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुम्ही जावई आहात, तुमचं ऐकतील." 'ऐकतील' हा शब्द त्यांनी फार विचार करून वापरला नसावा.

चित्रांचा नाद वेगळाच. मिलमधून छपाई बिघडलेलं कापड आणायचं, डब्यांच्या तळाशी उरलेला रंग आणायचा आणि भिंतभर पवित्र शास्त्रातले प्रसंग काढायचे. शेवटच्या भोजनाच्या चित्रात त्यांचे सगळे शिष्य मांडी घालून, भाकरी मोडून बसलेले, आणि चेहरे लूमवरच्या सोबत्यांचे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मात्र कित्येक आठवडे कोरं कापड होतं. कामगारांनी एकमताने सुपरवायझरचं नाव सुचवलं. काकांनी ते ऐकलं नाही आणि शेवटी तिथे स्वतःचाच चेहरा काढला. मी खुणेनेच विचारलं, असं का? तर म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा काढायला त्याची परवानगी लागेल ना."

मग काकूंच्या किडन्या गेल्या. दोघांना मूलबाळ नव्हतं, म्हणून इच्छापोरच्या कारखान्यातली माझी पाळी सांभाळून मीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेत असे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. काकू रंग विटलेल्या कापडासारख्या दिसायला लागल्या होत्या, आणि हे पलंगाजवळ उभे राहून मोठ्याने, "बापा, आज सुई पहिल्याच टोचणीत बसली, तुझे आभार. पंखा चालू आहे, तुझे आभार." अख्खा वॉर्ड वळून बघे. काकू डोळे न उघडता म्हणत, "त्याला जरा दम खाऊ द्या हो." हे त्यांना ऐकू जात नसे, आणि मीही कधी सांगितलं नाही.

काकू गेल्या त्या दिवशी दुपारभर दफनभूमीत ऊन होतं. शवपेटी मातीत उतरली. पाळकसाहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थनेची खूण केली. हा माणूस अशा वेळीही आभार मानणार, असं मी धरूनच चाललो. काकांनी हात जोडले, डोळे मिटले. आम्हीही मिटले. शेवटी मी एक डोळा उघडून पाहिलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज नाही."

त्यानंतर 'आज नाही' रोजचंच झालं. रविवारी ते येत, मागच्या सतरंजीवर बसत, पेटीकडे बघत नसत. जेवणापूर्वी डोळे मिटत, थोडं थांबत, उघडत आणि जेवत. काही महिन्यांनी मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून विचारलं, "प्रार्थना सोडली का?" त्यांनी चष्मा लावून वाचलं. "सोडली कुठे? अबोला धरलाय. एका घरात राहून नवरा-बायको धरतात तसा. घर सोडलेलं नाही मी."

ईस्टरसाठी त्यांनी चित्र मात्र काढलं. बाया येशूच्या कबरेपाशी आलेल्या, हातात सुगंधी तेलाच्या बाटल्या, आणि शास्त्रात बाजूला सरलेला असतो तो धोंडा कबरेच्या तोंडावर जसाच्या तसा. पाळकसाहेब हादरले. त्यांनी हातवारे करकरून विनवलं, "काका, सण आहे. धोंडा बाजूला करा ना!" काका ब्रश पुसत म्हणाले, "हलला की काढतो." चित्र तसंच लागलं. त्या सकाळी मंडळी त्याच्यासमोर उभी राहून पुनरुत्थानाची गाणी गायली; दोन-तीन विधवा बायका गायचं थांबवून नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

पुढे कतारगामच्या एका धर्मादाय दवाखान्यातून त्यांना कानाचं यंत्र मिळालं. डॉक्टरांनी ते बसवलं, कळ फिरवली. काका दचकले. "हा आवाज कसला?" कोपऱ्यातला पंखा होता. मी म्हटलं, "ऐकू येतंय का काका?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. "तुझा आवाज बारीक आहे," एवढंच म्हणाले. मग यंत्र बोटाने चाचपलं. "तिचा कसा होता, आठवत नाही रे मला," असं म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी उगीचच कागद चाळायला घेतले.

बाहेर आलो. उन्हात त्यांना घेरी आल्यासारखं झालं, तशी पाणपोईच्या मडक्यांजवळ बसलेल्या एका बाईने उठून पाण्याचा पेला दिला. काका पाणी प्यायले आणि जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे." निघालं आणि ते थबकले. मान वर करून, डोळे वटारून, आपल्या अहिराणीत ओरडले, "तुले नई रे! ह्या बाईले!"

ती बाई घाबरून दोन पावलं मागे सरली. अकरा महिन्यांत देवाशी ते पहिल्यांदा बोलले होते.

एकदा तोंड उघडल्यावर मग काय! रिक्षात बसल्यापासून जे सुरू झाले ते थांबेचनात. सुयांचा विषय काढला, पंख्याचा काढला. शेवटल्या दिवशी तिने सुकट मागितली होती, तीही मिळू दिली नाहीस, म्हणाले. आवाज चढत होता, फुटत होता, मधेच हुंदका येई, की पुन्हा भांडण. रिक्षावाल्याने आरशातून बघत मला विचारलं, हे बोलणं कुणाशी चाललंय. "काका कोनी साथे वात करे छे?"

"घरचंच माणूस आहे," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि रिक्षा जरा हळू घेतली. दोघांच्या बोलण्यात आपण कशाला पडा, म्हणून मी पांडेसरा येईपर्यंत बाहेर बघत बसलो.