कायटनला पदर नसतो

प्राचीन ग्रीसमधल्या बायका कायटन नावाचं वस्त्र घालत, हे मला आमच्या नाटकाच्या दिग्दर्शकांकडून कळलं. दोन्ही खांद्यांवर टाचलेलं, कमरेला बांधलेलं, घोट्यापर्यंत लांब कापड. कोल्हापुरात ते कुठं मिळणार? मी पांढरं मांजरपाट आणलं, खांद्यांवर सेफ्टी पिना लावल्या, कमरेला परकराची नाडी बांधली. दंड उघडे, खांदे जवळजवळ उघडेच. आरशात बघून हसू आलं.

नाटक हौशी स्पर्धेसाठी बसत होतं. मी एका कुंभाराची विधवा. राजानं माझ्या मुलाला लढाईवर नेलं, तो तिथं मेला, आणि आता तोच राजा सांत्वनाला माझ्या दारात येतो. मी त्याच्याकडे नुसतं बघायचं. वाकायचं नाही, हलायचं नाही. सगळं नाटक त्या बघण्यावर उभं होतं.

आणि राजा आला की माझा उजवा हात खांद्यावर जायचा. पदर सावरायला.

"अगं बाई, पदर न्हाय तिथं!" दिग्दर्शक ओरडायचे. "दारात पावणं आल्यात व्हय?"

सगळे हसायचे. मीही हसायचे, पण आतून जळफळाट व्हायचा. मी रोज बँकेत सलवार-कमीज घालून जाते, साडी फक्त सणासुदीला. मग हा हात कुणाचा? आईचा, दुसऱ्या कुणाचा असणार! वडिलांच्या चपला दारात वाजल्या की तिचा हात असाच वर जायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर तिची खोड माझ्या अंगात येऊन बसली होती.

शेवटी दिग्दर्शकांनी तंबी दिली. रंगीत तालमीत हात हलला, तर भूमिका दुसरीला. माझं जेवणावरून मन उडालं. कणीक मळताना, सिग्नलला स्कूटर थांबवताना माझं लक्ष आपलं हाताकडे. मग युक्ती सापडली. राजा आला की नाडीचं लोंबतं टोक मुठीत घट्ट धरायचं. तालीम पार पडली.

प्रयोगात राजा आला, मी टोक चाचपलं, तर ते सापडेना. नाडीची गाठ फिरून मागं गेली होती. पण मी बघत राहिले, राजानं मान खाली घातली, आणि हात मांडीशी गप्प पडून राहिला. टाळ्या पडल्या तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

रंगपटात सासरे भेटायला आले. आण्णा खास मुरगूडहून एसटीनं आले होते. पदर घे असं त्यांनी मला कधी एका शब्दानं म्हटलेलं नाही. लग्नानंतर माझं नाटक सुरू राहिलं तेच मुळी त्यांच्यामुळं.

"झकास केलंस की पोरी!" ते म्हणाले. "राजाची पार जिरवलीस!"

माझा हात खांद्यावर गेला. तिथं उघडी कातडी आणि सेफ्टी पीन. मी तो खाली ओढला. स्वतःचा इतका राग आला की डोळे भरले. आण्णांना वाटलं, मी आनंदानं रडतेय.

"बसा की आण्णा," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता हात परत वर गेला.