फुलचूरच्या पुलियावर नवीन माणूस

डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितल्यापासून मी सकाळी फुलचूरच्या रस्त्याने जातो. म्हणजे जमेल तेव्हा. तिथल्या नाल्यावरच्या छोट्या पुलियावर एक म्हातारबा कडुनिंबाचं दातवन चावत बसलेले असतात. रोजच्या माणसाला ते नुसता हात वर करतात. नवीन कोणी दिसला की तोंडातलं दातवन काढतात, सरकून जागा करतात आणि म्हणतात, "नवीन का? बसा."

गुडघा दुखतो, असं मी त्यांना एकदा सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं चालणंच सुटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा निघालो, तेव्हा घरच्यांचे टोमणे कानात होते. म्हातारबांनी दातवन काढलं.

"नवीन का? बसा."

मला रागच आला. "अहो, दोन वर्षांपासून येतोय मी!"

"मागच्या आठ दिवसांत दिसले का तुमी? नाई ना? मंग नवीनच. जुनं कायले धरून बसाचं?"

मी बसलो. म्हाताऱ्याला खरंच आठवत नसेल, असं वाटून मला उलट हलकंच वाटलं. तेवढ्यात दातवन पुन्हा तोंडात घालता घालता त्यांनी विचारलं,

"गुडघा कसा हाये आता?"