आधी निघालेली गाडी

साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या नोंदवणारे काका दर वाक्याला ‘व्हय का न्हाई?’ जोडतात. मी तिथंच बसची वाट बघायचो.

सूर्यावर उद्रेक झाला की वेगवान कण पृथ्वीपाशी आधी पोचतात, मंद मागून. त्यावरून ते सूर्यापासून कधी सुटले, हे मी प्रबंधासाठी काढत होतो. सगळे एकदमच सुटले असं धरलेलं, आणि गणित काही केल्या जुळेना.

एकदा लांबच्या कुंडल गावची बैलगाडी सगळ्यांत शेवटी आली. बैलांच्या तोंडाला फेस. काकांनी रांगेतला पुढचा ट्रॅक्टर थांबवून तिला पुढं घेतलं.

“आमी आधी आलोय!” ड्रायव्हर ओरडला.

“ती आधी निघालीया. व्हय का न्हाई?”

घरी जाऊन मी कणांच्या सुटण्याच्या वेळा वेगवेगळ्या धरल्या. गणित जुळलं.

नाव कधी विचारलंच नव्हतं. आभारांच्या पानावर ‘गेटवरचे काका’ एवढंच लिहिलं. पण मार्गदर्शकांच्याही आधी.