माहेरचा मुरूम, सासरची काळी

दादाचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घराच्या गच्चीवर कुरडया घालत होते. हात चिकाने भरलेले, म्हणून फोन कोपराने दाबून आवाज मोठा केला. पलीकडून दादा एवढंच म्हणाला, "सुनंदा, नलिनी गेली गं... चहा ठेव म्हनली, मी कप घेऊन आलो तर..." पुढे त्याला बोलता येईना. मला काय सुचलं असेल? मी विचारलं, "चहा तू केलास?" कारण चाळीस वर्षांत दादाने वहिनीसाठी चहा केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. "रोज सकाळी मीच करतो," दादा म्हणाला. "तुला कुनी सांगितलं न्हाई का?" मी तशीच कुरडयांमध्ये बसले आणि रडता रडता मला हसू आलं. नलूवहिनीचं सगळं असंच होतं. तिच्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटेपर्यंत काहीतरी नवीन निघायचं.

वहिनी देगलूरकडची. स्थापत्यशास्त्राची पदविका घेतलेली मुलगी दौंड तालुक्यात, खुटबावच्या ऊसवाल्या घरात सून म्हणून येते, याचं त्या काळी गावाला फार कौतुक आणि थोडी धास्ती होती. ती बोलायला लागली की आम्ही ऐकत राहायचो. "काय करायलाव वन्सं?" असं ती मला विचारायची आणि मी उगीचच तिला दोनदा विचारायला लावायचे. तिच्या माहेरी सगळा ग्रॅनाइटचा प्रदेश. हत्ती बसल्यासारखे गोल गोल धोंडे, आणि त्यांच्या पायाशी पडलेला तांबूस मुरूम. तिकडे अंगणात तो मुरूम पसरतात, पाणी मारून चोपतात, की वर्षभर चिखलाचं नाव नाही, असं ती सांगायची. आमचं अंगण म्हणजे काळ्या मातीचं. पावसाळ्यात चपला त्यात रुतून राहायच्या आणि माणूस अनवाणी पुढे जायचा.

तेव्हा लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वहिनीने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गळ घातली. पलीकडच्या टेकाडावर तांबडा मुरूम दिसतोय, दोन ट्रॉल्या आणू. आबांनी सुनेचा हट्ट पुरवला. अंगण असं झकास दिसायला लागलं की शेजारच्या बायका बघायला आल्या. पुढे आषाढात मला बघायला शिरूरहून पाहुणे आले. आदल्या रात्रीपासून भुरभुर लागलेली. आबा टोपी सावरत "या, या" करत पुढे गेले आणि अंगणाच्या मधोमध त्यांचे दोन्ही पाय एकदम सुटले. त्यांना धरायला नवऱ्या मुलाचे वडील धावले, तेही गेले. दोन्ही व्याही तांबड्या रेंद्यात बसून एकमेकांकडे बघतायत, आणि दारात मी पोह्यांचं ताट घेऊन उभी! सगळे गार. तेवढ्यात वहिनीचा आवाज आला, "आबा, हितली माती धोका द्यायली की!" आणि पहिल्यांदा हसले ते माझे होणारे सासरे. माझं लग्न त्या चिखलात ठरलं असं आमच्याकडे अजून म्हणतात.

आबा मात्र दोन दिवस कमरेला शेक घेत पडून होते. "पोरी, तुझ्या म्हायेरची माती हितं न्हाई चालायची," एवढंच ते बोलले. वहिनीला ते लागलं, पण रुसण्यासारखं नव्हे. ती छत्री घेऊन टेकाडावर गेली, मुरूम पिशवीत भरून आणला, आणि भावाला निरोप पाठवून देगलूरचाही मागवला. मग परसात दोन परातींत दोन्ही माती धुवायला बसली. मी शेजारी. वरचं गढूळ पाणी ओतत गेलं की तळाशी काय उरतं ते ती मला दाखवत होती. देगलूरच्या मुरुमात गारगोटीचे टोकदार, काचेसारखे चमकणारे खडे उरले, पाण्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आमच्या मुरुमातले खडे मात्र बोटात धरले की लोण्यासारखे दबत होते. "आमच्या खडकातच गारगोटी असते वन्सं," ती म्हणाली. "खडक झिजतो, ती झिजत नाही. तीच पाय धरून ठेवते. तुमच्या काळ्या खडकात ती नाहीच. दोन्ही लाल दिसले म्हणून मी फसले." रंगावरून मातीची जात ठरवायची नाही, ही तिची पुढच्या आयुष्यातली सवय त्या परसात लागली.

कुरकुंभला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा इमारतींच्या पायासाठी माती तपासणारी माणसं लागत होती. वहिनीने दोन-तीन वर्षं एका ठेकेदाराकडे काम केलं आणि मग घराच्या मागच्या दोन खोल्यांत स्वतःची प्रयोगशाळा काढली. चाळण्या, वजनकाटा, काचेची नळकांडी... आमच्या आईला ते सगळं एखाद्या मोठ्या स्वयंपाकाची तयारी वाटायचं. माती वाळवायची, चाळायची, खडे वेगळे, वाळू वेगळी, उरलेलं पीठ वेगळं. कशाचा वाटा जास्त आणि ते पीठ ओलं झाल्यावर कसं वागतं, त्यावरून मातीचा वर्ग ठरायचा. हे वेड घरात इतकं मुरलं की जेवताना माणसांचेही वर्ग पडायला लागले. आबा म्हणजे खडीदार चिकणमाती: वरून खरखरीत, पण एकदा बसली की हलत नाही आणि पाणीही पुढे जाऊ देत नाही. दादा शुद्ध काळी माती. भरपूर पिकवणारी, पण दोन थेंब पडले की उन्हाळ्यातल्या भेगा बुजवून फुगलीच. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दादाचं पॅनेल आलं, तेव्हा गुलालाने माखलेल्या दादाला ओवाळताना ती हळूच म्हणाली, "वन्सं, भेगा बुजल्या बघा." दादाने ते ऐकलं आणि आठवडाभर फुगून बसला. म्हणजे तिचं वर्गीकरण बरोबरच होतं.

पण या मातीच्या नादाने एका माणसाचं आयुष्य सावरलं, ते लिहायलाच हवं.

घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या शाळेच्या नव्या खोल्यांना दोन वर्षांत भेगा पडल्या. बोटं जातील एवढ्या, दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरक्या, थेट छतापर्यंत. मुलांना देवळात बसवायला लागले. गावाने सरळ हिशेब केला, की गवंड्याने सिमेंट खाल्लं. किसनमामा गवंडी त्याच गावचे. त्यांना लोकांनी काम देणं बंद केलं. पारावर ते आले की बोलणं थांबायचं. एके दिवशी ते पायजम्याला धूळ, हातात गिलाव्याच्या ढेपा बांधलेलं फडकं, असे खुटबावला येऊन दारात उभे राहिले. मी त्या वेळी माहेरी आले होते, म्हणून हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"बाई, माझं शिमिट तपासा," ते म्हणाले. "लोकं म्हंत्यात किसननं शाळा खाल्ली. माझा नातू त्याच शाळंत बसतो वो... त्याच्या डोक्यावर म्या कच्ची भिंत उभी करीन व्हय?" कुरकुंभला एका कारखान्याच्या गेटवर राखणदाराची जागा त्यांनी बघून ठेवली होती. थापी आता धरायची नाही, असं ते सांगत होते.

वहिनीने फडकं उघडलंच नाही. "भेगा कुठल्या बाजूच्या खोलीला आहेत?" तिने विचारलं. किसनमामा गोंधळले. "उगवतीच्या. मावळतीची खोली दगडावानी हाय, केसाएवढी भेग बी न्हाई." "दोन्ही खोल्या तुम्हीच बांधल्या?" "म्याच की." "सिमेंट एकच?" "एकाच ट्रकमधलं." वहिनी हसली. "मग मामा, तुमचं सिमेंट राहू दे. उद्या पहार-फावडं घेऊन शाळेत या. मला दोन खड्डे पाहिजेत."

दोन्ही खोल्यांच्या बाहेर, भिंतीला लागून खड्डे घेतले. मावळतीकडे हातभर खालीच घट्ट मुरूम लागला, पहार टणत्कार करून उडत होती. उगवतीकडे माणूस कमरेपर्यंत गेला तरी काळी मातीच. वहिनीने पदर खोचला आणि स्वतः त्या खड्ड्यात उतरली. तिथे कधीकाळी ओढा होता, तो गाळाने बुजला होता, आणि त्यावर अर्धी शाळा उभी होती. वर आणि मुलांनी डबे धुवायचा नळ नेमका त्याच भिंतीला. तिला कारण कळलं. पण अहवालाच्या कागदाने पारावरची तोंडं बंद होणार नाहीत, हेही तिला कळत होतं.

म्हणून तिने ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलावलं. टेबलावर काचेची चार नळकांडी मांडली. दोन्ही खड्ड्यांतली माती कुटून, वाळवून, सारख्या मापाने घेतली होती. दोन नळकांड्यांत उगवतीची काळी: एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. तिसऱ्यात मावळतीच्या मुरुमाचं पीठ आणि पाणी. "मातीला रॉकेल चढत नाही," ती म्हणाली. "म्हणून ते साक्षीला ठेवलंय." चौथं नळकांडं रिकामं बघून सरपंचांनी विचारलं. गावात सगळ्यांत मोठ्या आवाजात किसनमामांवर बोलणारे तेच होते. वहिनीने पिशवीतून देगलूरची माती काढली. "ही माझ्या माहेरची. हिच्यात खडेबी हायत आणि चिकणमातीबी. सांगा सरपंच, फुगंल का न्हाई?" आमची बोली तिला तोवर चांगली चढली होती.

"चिकट हाय म्हंजी फुगणारच," सरपंच म्हणाले. "न्हाई फुगली, तर सगळ्या गावाला माझ्याकडून चहा-भजी."

नळकांडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि वहिनीने किल्ली सरपंचांच्याच हातात दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचायतीपुढे जत्रेसारखी गर्दी. कपाट उघडलं. रॉकेलमधली काळी माती ठेवली तिथेच बसलेली. पाण्यातली तीच माती मात्र फुगून जवळजवळ दुप्पट वर आलेली. मुरूम जागच्या जागी. आणि देगलूरची ती तांबडी माती, चिकट असूनही, जेमतेम नखाच्या जाडीएवढी हललेली. "सगळी चिकणमाती एका जातीची नसते," वहिनी सांगत होती. "ग्रॅनाइटमधली पाणी पिऊन गप्प बसते. ही काळी पाणी पिऊन अंग फुगवते आणि भिंत वर उचलते. उन्हाळ्यात आक्रसते, की भिंत खाली. अर्धी शाळा मुरुमावर उभी, अर्धी हिच्यावर. मधे भेग पडणार न्हाई तर काय? अशा ठिकाणी जगातलं सगळं सिमेंट ओतलं तरी भिंत फुटंल. पाया किती खाली न्यायचा ते गवंड्यानं ठरवलं नव्हतं. त्याच्या हातात आला तो नकाशा दुसऱ्यानं काढला होता."

सरपंचांनी ते चौथं नळकांडं उजेडाकडे धरून पाहिलं. मग उठले, मागे भिंतीशी उभ्या असलेल्या किसनमामांपाशी गेले आणि म्हणाले, "मामा, चला. भज्याला तेल तापलंय. पयली प्लेट तुमची." किसनमामांनी प्लेट घेतली खरी, पण त्यांना खाता येईना. ते नुसते भज्यांवर फुंकर मारत उभे होते. ती आता गार झाली आहेत, हे त्यांना सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

शाळा पाडावी लागली नाही. नळ लांब नेला, भिंतीभोवती उताराची फरशी केली, आणि उगवतीच्या पायाखाली टप्प्याटप्प्याने खोदून मुरुमापर्यंत खांब उतरवले. ते काम किसनमामांनीच केलं. राखणदाराची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. भेगा बुजवून वरून रंग दिला, तो पिवळा रंग त्यांनीच निवडला. वहिनीच्या दहाव्याला ते काठी टेकत आले होते. त्यांनी भज्यांची गोष्ट सांगायला घेतली आणि घाटावर लोक इतके हसले, की गुरुजींना थांबावं लागलं.

महिना झाल्यावर मी परवा खुटबावला गेले. घर शांत असेल, दादा एका कोपऱ्यात बसलेला असेल, अशी मनाची तयारी करून गेले होते. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या प्रयोगशाळेतून माती वाळवायच्या भट्टीची घरघर येत होती. वहिनीची मुलगी अश्विनी आता तिथलं काम बघते, ती चाळण्या झटकत होती. आणि खिडकीपाशी, काचेच्या तुकड्यासमोर, वहिनीच्या स्टुलावर दादा. जन्मभर या खोलीतला चिखल घरात येतो म्हणून कुरकुरणारा माझा भाऊ बाही वर करून ओल्या मातीची वळी वळत होता. मी काही विचारायच्या आत अश्विनी म्हणाली, "आत्या, आईचा हा नमुना राहिला होता. आप्पा म्हनले, मी करतो."

ओली माती तळहाताखाली काचेवर वळत जायची. उदबत्तीएवढी बारीक होऊन तुटायला लागली, की तिच्यात नेमकं किती पाणी आहे ते मोजायचं. लवकर तुटली तर कोरडी, तुटलीच नाही तर अजून ओली. दादाची तुटत नव्हती. लांब लांब शेवई होत होती. "आप्पा, पानी जास्त हाय. पुन्हा गोळा करा, वळत ऱ्हावा. हाताच्या उबेनं वाळती ती," अश्विनी म्हणाली. दादाने गोळा केला, पुन्हा वळली. पुन्हा गोळा, पुन्हा वळी. मी दारातच उभी राहिले. गुलालातला, भाषणातला दादा मी पाहिलेला आहे. इतका लक्ष देऊन काही करताना त्याला पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी ती वळी मधे भेगाळली, आणि तुकडे तुकडे होऊन काचेवर पसरली.

"नलिनी, तुटली गं!" दादा आतल्या घराकडे तोंड करून ओरडला.

दादाचा हात काचेवर तसाच. अश्विनीने चाळणी हलकेच खाली ठेवली आणि विचारलं, "किती जाड असताना, आप्पा?"

"उदबत्तीएवढी," दादा म्हणाला. त्याने तुकडे एकेक करून उचलले, डबीत भरले, झाकण लावलं आणि डबी वजनकाट्यावर ठेवली.