पाच दारं, एक छप्पर

जंगलातलं जुनं, स्वस्त घर घ्यायची हौस हल्ली पुष्कळांना येते, आणि मग लोक मला विचारतात, "ताई, तुम्ही कसं घेतलं हो?" तर ऐका. आम्ही हौसेनं निघालोच नव्हतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा बल्लारपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पावसाळ्याआधी क्वार्टर सोडायचं होतं. मायनं सांगून टाकलं, "आता भाड्याचं नाई. कोनी 'उठा' म्हननार नाई असं दार पायजे मले." मी नर्स. माझी बदली नुकतीच पोंभुर्ण्याकडच्या उपकेंद्रावर झाली होती, म्हणून घर तिकडेच शोधायचं ठरलं. दम्यामुळे बाबांना प्रवास झेपेना, तेव्हा मी आणि माय अशा दोघीच निघालो. घर ठरवल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी स्टँडवरच जाहीर केलं.

"हौ," माय म्हणाली, "आधी खिडकीची जागा तं धर."

वैशाख होता. त्या दिवसांत जाणार असाल तर पहाटेचीच एसटी पकडा, डोक्याला ओला दुपट्टा बांधा आणि खायचं सोबत घ्या. आम्ही लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कांदा बांधून घेतला होता. रस्ता म्हणजे डांबर कमी आणि खड्डे जास्त. दोन्हीकडे साग निष्पर्ण उभा. मधेच तेंदूपत्त्याचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया दिसायच्या, आणि कंडक्टर त्यांच्यासाठी कुठेही गाडी थांबवायचा.

पहिलं घर रस्त्यावरच्याच गावात होतं. मालकानं पाणी दिलं, खोल्या दाखवल्या, विहीर दाखवली. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो एकदम घाईत आला. "अवो, सांगाचंच राह्यलं. सौदा तं कालच झाला."

कालच झाला होता तर विहीर कशाला दाखवली रे बाबा? माझं डोकं सणकलं. मायनं मला हाताला धरून बाहेर काढलं. तहान लागली होती, पण त्या घरचं पाणी तसंच तांब्यात राहिलं होतं.

दुसरं घर आत जंगलाच्या कडेला होतं. गावाचं नाव सांगत नाही, नाही तर उद्या गाड्या घेऊन पोचाल. तिथवर एसटी नव्हती. एका बंडीवाल्यानं बसवून घेतलं. बैल निवांत, बंडीवाला त्याहून निवांत. पोचेपर्यंत माझ्या कमरेचा भुगा झाला.

पण घर पाहिलं आणि सगळं विसरले. लाकडाच्या एका ठेकेदारानं कधीकाळी कारकुनांसाठी पाच घरं एकाला एक चिकटून बांधली होती. गावात त्या रांगेला 'लाइन' म्हणत. मधल्या मातीच्या भिंती सामायिक, पुढे एकच सलग ओसरी, आणि पाचही घरांवर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, एकच लांब छप्पर. मधलं घर विकायचं होतं. मागे परस, परसात सीताफळ. किंमत बाबांच्या फंडात आरामात बसणारी. मायनं चुलीच्या जागेवर हात फिरवला, तेव्हाच मी ओळखलं की हिचं ठरलं.

मालक भला माणूस होता. म्हणाला, "मले काई अडचन नाई. पन लाइनवाल्याईनं हो म्हनल्याबिगर इथी कोनी घर इकत नाई. तशी रीतच आहे."

लाइनवाले म्हणजे मुख्य फुलाबाई. शेजारच्या दारातली गोंड बाई, केस पांढरे, आवाज खणखणीत. मायनं जयभीम घातला, तिनं जोहार केला. मग ओसरीवर बसून तिनं मला न्याहाळलं.

"घरी कोन कोन आहे वो?"

"मी, माय, बाबा. बाबांना दमा आहे."

"भाऊ?"

"नाही."

तिनं मान हलवली. "मंग नाई जमत."

माझा तोल गेला. सकाळचा राग अजून गरमच होता. "काऊन नाई जमत? जयभीमवाले आहो म्हनून? सरळ तोंडावर सांगा ना बाई, बहाने कायले पायजे?"

फुलाबाई उठून उभी राहिली. "जात कोनं इचारली तुले? ये इकडं!"

तिनं मला हाताला धरून आपल्या घरात नेलं. सामायिक भिंतीवर वरून खालपर्यंत पाण्याचे काळे ओघळ होते, खालची माती पोखरून गेलेली. आधी हे मधलं घर एका चंद्रपूरवाल्यानं घेतलं होतं. कुलूप लावून गेला तो पावसाळे उलटले तरी आला नाही. दरवर्षी पावसाआधी पाचही घरं मिळून कवेलू फेरतात, म्हणजे काढून, झाडून पुन्हा बसवतात. एकाचे राहिले की पाणी शेजारच्याच्या अंगावर येतं. शेवटी ज्यानं त्याला विकलं होतं, त्या आताच्या मालकानंच ते परत विकत घेतलं होतं.

"थ्या घराचे कवेलू कोन फेरन, थे सांग," फुलाबाई म्हणाली. "मरद गेल्यापासून माह्ये मीच फेरतो. तुह्ये कोन फेरन?"

"मी."

"कवा चढली होती?"

"कधीच नाही. आता चढते."

मी माफी मागितली नाही. सकाळची विहीर मी विसरले नव्हते, आणि विसरायचीही नव्हती. फुलाबाईला माफीबिफी नकोच होती. तिनं शिडी आणली.

लुगड्याचा काष्टा मारून मी चढले. कवेलू तव्यासारखे तापलेले. दुसऱ्याच पावलाला दोन फोडले. खालून फुलाबाई ओरडली, "भिंतीच्या वरतून चाल ना वो! कवेलूवर नोको पाय देऊ!" मग तीही वर आली. एकेक कवेलू उचलायचा, कचरा झाडायचा, फुटका खाली द्यायचा, चांगला पुन्हा नीट बसवायचा. खाली माय, फुटके घेणारी आणि नवे वर देणारी. "मंदे, पडशीन!" असं ती सारखं ओरडत होती, आणि पुढचा कवेलूही देत होती. ऊन उतरेपर्यंत मधल्या घराची एक बाजू झाली. वरून पाहिलं तर नुसतं जंगल आणि धुराच्या दोन रेघा. मला भीती वाटत होती आणि खूप बरंही वाटत होतं.

त्या रात्री आम्ही फुलाबाईच्या ओसरीवर झोपलो. भात, अंबाडीची भाजी आणि तिखट लसणाची चटणी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात उरलेली बाजू झाली. फुलाबाईनं छप्पर पाहिलं, माझे सोललेले तळवे पाहिले आणि मालकाकडे वळून म्हणाली, "दे यायले." बस्स, एवढंच.

तुम्ही असं घर घ्यायला निघालात, तर आधी भिंती, विहीर, कागद सगळं बघाच. पण शेजाऱ्याच्या घरातही एकदा जाऊन या. पुढे आमच्या लाइनीत कितीतरी वैशाख गेले. फुलाबाई थकली, तेव्हा तिचे कवेलू मी फेरले. पहिल्या गावातलं ते घरही मला अजून आठवतं. त्या रस्त्यानं जाताना अजून मान तिकडे वळते आणि अजून राग येतो.

फुलाबाईनं हो म्हटलं त्या दिवशी बल्लारपूरला पोचलो तेव्हा दोघींच्या नखांत लाल माती होती. बाबा दारातच बसले होते. आमचे अवतार पाहून घाबरले.

"भेटलं काय घर? कागद झाला?"

"कागद होईन पुढच्या हप्त्यात," माय चपला काढत म्हणाली. "छप्पर फेरून आलो."

बाबा उठले. स्टूल ओढून वर चढले आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवायला लागले.