अण्णांचा खोका आणि माझा तक्ता

"मॅडम, अण्णा गेले. आज सकाळी... तुमाला कळलं नसंल म्हणून फोन केला." फोनवर रेश्मा होती, दोन वर्षांपूर्वी संशोधन अर्धवट टाकून गेलेली आमची विद्यार्थिनी. आता ती टॉवेलच्या एका दुकानात काउंटरवर उभी असते. ज्या माणसाशेजारी मी चौदा वर्षं खुर्ची टाकून बसले, त्याच्या जाण्याची बातमी मला तिच्याकडून कळावी, यातच सगळं आलं. अंत्यदर्शनाला गेले, मागे उभी राहिले आणि कुणी ओळखायच्या आत परत फिरले. त्याला पाच आठवडे झाले. लिहायला आज बसते आहे, कारण आज त्यांनी दिलेला खोका उघडला.

अंबादास अण्णा आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, मी काम करते तिथेच, नियतकालिकांचा विभाग सांभाळायचे. घर विणकराचं, सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरून फोन आला की तेलुगू, आमच्याशी इथली मराठी आणि साहेब लोकांसमोर मौन. कागदी अंक जाऊन सगळी जर्नल्स संगणकावर आली तेव्हा विभागात संगणक होते चार, त्यांतले दोन कायम रुसलेले. मुलांना पासवर्ड आठवायचे नाहीत, वसतिगृहात नेट यायचं नाही. अण्णांनी यावर आपल्या पद्धतीचा उपाय काढला. कुणी लेख मागितला की ते स्वतः तो संगणकावरून एकदा उतरवून घ्यायचे, छापायचे, पुस्तकाला असते तशी तारखेची चिठ्ठी डिंकाने मागे चिकटवायचे आणि साडीच्या एका खोक्यात ठेवायचे. लेख न्यायचा, चिठ्ठीवर सही करायची, वाचून आणून द्यायचा. मी त्यांना चिडवायची, "अण्णा, जग कुठं चाललंय आणि तुम्ही डिंकाची बाटली घेऊन बसलात!" ते हसायचे. "पोरगं वाचतंय न्हवं? मग झालं की."

मग वर्गण्या परवडेनाशा झाल्या आणि कोणती जर्नल्स ठेवायची, कोणती बंद करायची हे ठरवायला समिती बसली. मूल्यमापनाचं काम माझ्याकडे आलं. कोणतं जर्नल वर्षभरात किती वेळा उघडलं गेलं, याचे आकडे प्रकाशकांकडून यायचे. वर्गणीला त्या आकड्याने भागून एका वाचनाला काय खर्च पडतो, याचा मी तक्ता केला. महागड्या ओळी लाल रंगात. सुरेख तक्ता होता, त्याबद्दल माझं कौतुकही झालं. कापसाची धूळ आणि गिरणी-यंत्रमागावरच्या कामगारांची फुफ्फुसं यांवरचं एक जर्नल त्यात सगळ्यांत लाल निघालं. वर्षात नऊ वेळा उघडलेलं. आणि हे कुठे, तर सोलापुरात! मलाही खटकलं. पण अण्णा पलीकडच्याच टेबलावर असताना मी उठून विचारलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी ते खोका घेऊन माझ्याकडे आले. निवृत्तीला महिना उरला होता.

"सुनंदा, ते नऊ म्हणजे म्या उघडलेले हायत. म्या एकदाच उघडतो. वाचणारी लई हायत, ह्यात बघ."

"अण्णा, समितीला अधिकृत आकडे लागतात. तुमच्या चिठ्ठ्या कशा दाखवू?"

"त्यास्नी नको दाखवू. तू तर बघ. एकदा उघडून बघ."

मी घड्याळाकडे पाहत "बघते" म्हणाले आणि खोका कपाटावर सरकवला. दुसऱ्या दिवशी जर्नल बंद झालं.

कागदी मासिक बंद केलं तरी जुने अंक कपाटात राहतात. हे संगणकावरचं बंद झालं तसं मागचंही सगळं कुलपात गेलं. रेश्मा यंत्रमागावरच्या बायकांच्या दम्यावर काम करत होती. तिची अम्मी त्यांच्यातलीच. इतर विद्यापीठांना पत्रं लिहून ती थकली आणि एक दिवस माझ्याकडे आली. "मॅडम, अण्णा बोलले, लेखांचा खोका तुमच्याकडं हाय म्हणून." मी घाईत होते. अशा झेरॉक्स प्रती देता येत नाहीत, असा नियम मी तिला सांगितला. तो नियम मला त्याच क्षणी सुचला होता. "बरं," म्हणून ती गेली ती गेलीच. निवृत्तीनंतर अण्णा ग्रंथालयात कधी आले नाहीत. आणि मी, मला त्यांच्या घरी जायची लाज वाटायची. आज हे सरळ लिहिते.

खोका आज खाली काढला. पहिल्याच लेखामागे तीन चिठ्ठ्या, एकीवर एक डकवलेल्या, दोन्ही बाजूंनी भरलेल्या. समाजकार्याची मुलं, एक कामगार पुढारी, कितीतरी ठिकाणी रेश्मा. आणि एका लेखामागे, रेश्माच्या वरच्या ओळीत, माझी सही.

माझे बाबा अकलूजकडे सूतगिरणीत होते. त्यांचा खोकला थांबेना, डॉक्टर काय सांगतात ते कळेना, तेव्हा अण्णांनी एक लेख माझ्या हातात ठेवला होता. रविवारभर शब्दकोश घेऊन मी तो वाचला आणि सोमवारी बाबांना गिरणी सोडायला लावली. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. जर्नलचं नाव मी तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या लेखी तो अण्णांनी दिलेला कागद होता. अण्णांना मात्र ती सही माहीत होती. तेवढी एक चिठ्ठी त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर धरली असती तर मी तक्ता फाडला असता. त्यांनी मला लाजवलं नाही... मी उघडून बघेन, असं ते धरून चालले.

दुपारी रेश्माला फोन केला. खोका घेऊन जा, म्हटलं. दुकानातल्या गलक्यातून तिचा आवाज आला.

"आता काय करू मॅडम त्याचं? अम्मी पण गेली की."

खोका मी अण्णांच्या जुन्या टेबलावर ठेवला आहे, झाकण काढून. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.