दाराबाहेरचं स्टूल

गाणं सुरू झालं की दारवान सभागृहाचं दार कुणासाठीही उघडत नसे. तीस वर्षांचा शिरस्ता होता त्याचा. याच गावात वाढलेल्या नामवंत गायिकेच्या सलग पाचव्या हाऊसफुल्ल कार्यक्रमाला एक म्हातारी उशिरा आली.

"आजी, हे गाणं संपेपर्यंत बसा इथं."

ती मुकाट्यानं त्याच्या स्टुलावर बसली. तेवढ्यात मॅनेजर धावत आला.

"अरे, बाईंच्या आईला बाहेर बसवलंस? उद्यापासून येऊ नकोस."

दारवानाचा चेहरा पडला. त्यानं दाराला हात घातला.

"राहू दे रे बाबा," म्हातारी म्हणाली. "घरीही ती दार लावूनच गायची, मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. चार दिवस पुढच्या रांगेत बसले, पण माझी पोर आज ऐकू आली."

मग ती मॅनेजरकडे वळली. "उद्याही मी इथंच बसणार. दारावर हाच हवा. स्टूल तेवढं दुसरं आणा, हे डुगडुगतं."